ओट्यावरचा तांब्या : मोटर ड्रायव्हरमधला डीकपलिंग कपॅसिटर

टेबलावर एक ब्रेडबोर्ड. त्यावर नखाएवढी चिप असलेलं छोटं ड्रायव्हर बोर्ड, शेजारी एक स्टेपर मोटर आणि हातभर लांब लाल-काळ्या वायरींना जोडलेला बारा व्होल्टचा ॲडाप्टर. जोडणी दोनदा तपासलेली असते. प्लग लावला की बारीकसा ‘टक्’ असा आवाज येतो, मागोमाग जळका वास. मोटर जागची हललेलीही नसते, आणि चिप मात्र कायमची गेलेली असते.

ही चिप बहुतेक वेळा ए-४९८८ असते. थ्री-डी प्रिंटर, छोटं सीएनसी यंत्र, कागदावर चित्र काढणारा प्लॉटर असं काही घरी बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती कधी ना कधी येतेच. तिच्या माहितीपत्रकात मोटरच्या बाजूची कमाल मर्यादा ३५ व्होल्ट दिलेली आहे. आपण दिले १२. मल्टिमीटर लावून पाहिलं तर ॲडाप्टरही बाराच दाखवतो. मग पस्तीस सोसणारी चिप बारा व्होल्टला कशी मेली?

हा प्रश्न इतक्यांना पडला आहे की या चिपचं बोर्ड विकणाऱ्या पोलोलू या अमेरिकी कंपनीने उत्पादनाच्या माहितीतच इशारा दिला आहे : पुरवठ्याच्या वायरी काही इंचांहून लांब असतील, तर पुरवठा अवघा १२ व्होल्टचा असला तरी बोर्डावर ३५ व्होल्टच्या वर उसळी येऊ शकते, म्हणून बोर्डाच्या जवळ किमान ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. म्हणजे काही रुपयांचा एक भाग लावायचा राहिला, आणि त्यापायी त्याच्या कितीतरी पट किमतीचं बोर्ड गेलं.

या भागाचं नाव डीकपलिंग कपॅसिटर. सर्किटच्या आकृतीत तो कोपऱ्यात दोन समांतर रेघांनी दाखवलेला असतो. त्यातून ना सिग्नल जातो, ना तो मोटर फिरवतो. त्यामुळे नवख्याला वाटतं, हा नसला तरी चालेल. प्रत्यक्षात मोटर ड्रायव्हर चालणार की जळणार, हे बऱ्याचदा तोच ठरवतो. असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

वायरीलाही जडत्व असतं

आकृतीत वायर ही नुसती रेघ असते. तिला लांबी नसते, रोध नसतो, वेळ लागत नाही. टेबलावरची वायर तशी नसते. तिच्यातून प्रवाह वाहतो तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि प्रवाह बदलू लागला की हे क्षेत्र त्या बदलाला विरोध करतं. याला इंडक्टन्स म्हणतात. तो मोजायचं एकक हेन्री.

पाण्याच्या नळाचा अनुभव इथे कामी येतो. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप धडधडतो. पाइपातल्या पाण्याला वेग असतो. पुढे वाट बंद झाली तरी ते लगेच थांबायला तयार नसतं, म्हणून दाब उसळतो. उलट नळ एकदम सोडला तर पाइपभर पाण्याला वेग यायला थोडा अवधी लागतो. वायरीतल्या प्रवाहाचं असंच आहे. तो एकदम सुरू होत नाही, आणि एकदम थांबवला तर व्होल्टेज उसळतं.

हे किती असतं, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. वायरीच्या दर मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री इंडक्टन्स धरतात, म्हणजे सेंटिमीटरला १०. ॲडाप्टरपासून बोर्डापर्यंत जाणारी आणि परत येणारी अशा दोन सैल वायरी मिळून सुमारे अर्धा मायक्रोहेन्री सहज होतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण व्होल्टेजची उसळी ठरते इंडक्टन्स गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग या सूत्राने, आणि आजच्या ड्रायव्हरमधले ट्रान्झिस्टर काही दशक नॅनोसेकंदांत चालू-बंद होतात. समजा २ अँपिअरचा प्रवाह ५० नॅनोसेकंदांत तोडला. अर्ध्या मायक्रोहेन्रीवर उसळी येते २० व्होल्टची. ती पुरवठ्याच्या बारा व्होल्टवर चढते, म्हणजे झाले बत्तीस. मर्यादा पस्तीसची होती, हे आठवा.

मल्टिमीटरला यातलं काहीच दिसत नाही. तो सेकंदातून काही वेळा सरासरी मोजून दाखवतो. ही उसळी सेकंदाच्या कोट्यंशांत येऊन जाते. मल्टिमीटर बारा म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. चिपने मात्र दुसरंच काही सोसलेलं असतं.

ड्रायव्हर वीज तोडून तोडून घेतो

वायरी तर प्रत्येक सर्किटमध्ये असतात. मग मोटर ड्रायव्हरमध्येच एवढा गोंधळ का? कारण प्रवाह तोडणं आणि जोडणं हाच त्याचा धंदा आहे.

साध्या डीसी मोटरच्या ड्रायव्हरमध्ये चार ट्रान्झिस्टर असतात आणि मध्ये मोटर. ही रचना इंग्रजी एच अक्षरासारखी दिसते, म्हणून तिला एच-ब्रिज म्हणतात. समोरासमोरचे तिरपे दोन ट्रान्झिस्टर चालू केले की मोटर एका दिशेने फिरते, दुसरे दोन चालू केले की उलट दिशेने. वेग कमी-जास्त करायला व्होल्टेज कमी करत नाहीत; पुरवठा सेकंदात हजारो वेळा जोडतात आणि तोडतात. चालू असण्याचा वाटा जास्त ठेवला तर वेग जास्त. ही पद्धत म्हणजे पीडब्ल्यूएम.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. मोटरच्या गुंडाळीचा इंडक्टन्स मोठा असतो, त्यामुळे पुरवठा तुटला तरी मोटरमधला प्रवाह लगेच थांबत नाही. तो ड्रायव्हरमधल्या डायोडमधून किंवा दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधून वळसा घेऊन वाहतच राहतो. मोटरला प्रवाह जवळपास सलग मिळतो, म्हणून ती धक्के न खाता फिरते. पण पुरवठ्याच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर चित्र पार वेगळं दिसतं. तिथे प्रवाह क्षणात २ अँपिअर, क्षणात शून्य, पुन्हा २, पुन्हा शून्य. मोटरने स्वतःचा प्रवाह गुळगुळीत ठेवला आणि सगळे हिसके पुरवठ्याच्या पदरात टाकले.

मोटर सुरू होतानाचा आणि उलटतानाचा भार यात आणखी मिळतो. समजा १२ व्होल्टच्या मोटरच्या गुंडाळीचा रोध ४ ओहम आहे. थांबलेल्या मोटरला पुरवठा दिला की ती १२ भागिले ४, म्हणजे ३ अँपिअर ओढते. फिरू लागली की ती स्वतःच जनित्रासारखी उलट व्होल्टेज निर्माण करते. ते १० व्होल्ट झालं तर उरलेल्या २ व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर वाहतो. आता ती भरवेगात असताना दिशा एकदम उलटवली, तर तेच १० व्होल्ट पुरवठ्याच्या १२ मध्ये मिळतात आणि प्रवाह होतो २२ भागिले ४, म्हणजे साडेपाच अँपिअर. चालू प्रवाहाच्या अकरा पट. गावाकडे विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मिणमिणतो, तोच हा प्रकार. फक्त इथे दिव्याच्या जागी तुमचा मायक्रोकंट्रोलर असतो.

धरण, टाकी, पिंप आणि तांब्या

आता कपॅसिटरकडे येऊ. त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं : तो लागेल तिथे, लागेल तेव्हा, लगेच देता येईल असा विजेचा छोटा साठा आहे.

आपल्या घरातल्या पाण्याची व्यवस्था पाहा. धरणात पाणी असतं. तिथून ते इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत येतं, टाकीतून स्वयंपाकघरातल्या पिंपात, आणि पिंपातून ओट्यावरच्या तांब्यात. फोडणी करपायला लागली तर हात तांब्याकडे जातो. त्या क्षणी धरण काठोकाठ भरलेलं असून काहीच उपयोग नसतो. तांब्या लहान आहे, पण हाताशी आहे. तो रिकामा झाला की पिंपातून भरायचा, पिंप टाकीतून, टाकी धरणातून. साठा जितका लांब तितका मोठा आणि संथ; जितका जवळ तितका लहान आणि चपळ.

मोटर ड्रायव्हरच्या सर्किटमध्ये हीच उतरंड असते. बॅटरी किंवा ॲडाप्टर हे धरण. बोर्डावर पुरवठा येतो तिथला शंभर ते हजार मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे पिंप. त्याला बल्क कपॅसिटर म्हणतात. आणि चिपच्या पायांना चिकटून बसवलेला शंभर नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हा तांब्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हाच कपॅसिटर ‘एकशेचार द्या’ एवढं म्हणून मिळतो, कारण त्याच्यावर १०४ छापलेलं असतं : दहापुढे चार शून्यं, म्हणजे एक लाख पिकोफॅरड, म्हणजेच शंभर नॅनोफॅरड.

‘डीकपलिंग’ हे नावही यातून उलगडतं. मोटरने मारलेला हिसका जवळच्या साठ्यातच जिरला, तर तो लांबच्या वायरीपर्यंत पोचत नाही आणि त्याच पुरवठ्यावर चालणाऱ्या इतर भागांना जाणवतही नाही. एकाचा धसमुसळेपणा दुसऱ्याला बाधू न देणं, दोघांची गाठ सोडवणं, हे ते काम.

दोन आकार का लागतात, तेही हिशेबाने पाहू. २० किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम घ्या. एक आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचं. निम्मा वेळ चालू ठेवला, तर २५ मायक्रोसेकंद ड्रायव्हर २ अँपिअर मागतो आणि पुढचे २५ काहीच मागत नाही. लांबून येणारा पुरवठा सरासरी १ अँपिअर संथपणे देत राहतो. वरचा १ अँपिअर कपॅसिटरने द्यायचा. तेवढ्या वेळात त्याचं व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या आत घसरावं असं वाटत असेल, तर सुमारे २५० मायक्रोफॅरड लागतात. हे पिंपाचं काम. पण प्रवाह शून्यावरून २ वर जातो तो ५० नॅनोसेकंदांत. इलेक्ट्रोलिटिकच्या आतली गुंडाळलेली पत्र्याची सुरळी आणि तिचे लांब पाय यांना एवढ्या झटपट उत्तर देता येत नाही. तो पहिला क्षण सिरॅमिक सांभाळतो. म्हणून हे दोघे एकमेकांना पर्याय नाहीत. एकाची वेळ संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते.

याच हिशेबातून आणखी एक सावधगिरी निघते. वरच्या उदाहरणात इलेक्ट्रोलिटिकमधून सतत सुमारे १ अँपिअरचा लहरता प्रवाह आत-बाहेर होत राहतो. साध्या, लहान इलेक्ट्रोलिटिकची अशा प्रवाहाची सहनशक्ती बऱ्याचदा काहीशे मिलिअँपिअरचीच असते. त्याहून जास्त झालं की तो आतून तापतो, त्यातला द्रव वाळतो आणि क्षमता घटत जाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, असा या कपॅसिटरचा ढोबळ नियम आहे. म्हणून फक्त मायक्रोफॅरड आणि व्होल्ट पाहून भागत नाही. लहरी प्रवाहाची क्षमता पाहावी, किंवा दोन-तीन कपॅसिटर समांतर लावून भार वाटून द्यावा.

अंतर आकृतीत दिसत नाही

या लेखात मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. कपॅसिटरची किंमत, म्हणजे किती मायक्रोफॅरड, ती आकृतीत लिहिलेली असते. तो कुठे बसवायचा हे आकृती सांगत नाही. तिथे कपॅसिटर चिपच्या शेजारी काढला काय आणि पानाच्या दुसऱ्या टोकाला काढला काय, अर्थ एकच. बोर्डावर मात्र त्या दोन जागांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मघाचेच आकडे घ्या. ५० नॅनोसेकंदांत २ अँपिअर बदलत असतील, तर कपॅसिटर आणि चिप यांच्यातल्या दर सेंटिमीटर तारेवर ०.४ व्होल्ट पडतात. पाच सेंटिमीटर लांब बसवला की २ व्होल्ट तारेतच गेले. कपॅसिटरची क्षमता दुप्पट केली, दसपट केली, तरी हे २ व्होल्ट कमी होत नाहीत, कारण ते साठ्यातल्या कमतरतेपायी पडलेलेच नसतात. ते अंतरापायी पडलेले असतात.

दुसऱ्या अंगानेही हे दिसतं. प्रत्येक खऱ्या कपॅसिटरबरोबर थोडा इंडक्टन्स येतोच. एका विशिष्ट वारंवारितेच्या वर तो कपॅसिटरसारखा वागायचं सोडून देतो आणि इंडक्टरसारखा वागू लागतो. चिपला चिकटून बसलेल्या शंभर नॅनोफॅरडच्या वाटेत एकूण १ नॅनोहेन्री असेल, तर ही सीमा १६ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. त्याच कपॅसिटरला दोन सेंटिमीटर लांबीची तार मिळाली की सीमा साडेतीन मेगाहर्ट्झपर्यंत खाली घसरते. कपॅसिटर तोच, पैसे तेच; नुसत्या न कापलेल्या पायांमुळे तो चारपटीहून जास्त मंद झाला.

जुन्याजाणत्या एल-२९८ या ड्रायव्हर चिपचं माहितीपत्रक म्हणूनच याबाबत स्पष्ट आहे. मोटरचा पुरवठा आणि लॉजिकचा पुरवठा या दोन्ही पायांपासून ग्राउंडपर्यंत साधारण १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच, आणि तो चिपच्या ग्राउंडच्या पायाच्या शक्य तितका जवळ हवा. पुढे असंही म्हटलं आहे की वीजपुरवठ्यातला मोठा कपॅसिटर चिपपासून फार दूर पडत असेल, तर चिपजवळ आणखी एक छोटा लावावा. धरण आहे म्हणून पिंप काढून टाकू नका, हेच ते सांगतं.

प्रवाह जातो तसा परतही येतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. चिपचा पुरवठ्याचा पाय, कपॅसिटर आणि चिपचा ग्राउंडचा पाय मिळून एक वर्तुळ होतं. ते जितकं आवळलेलं, तितका इंडक्टन्स कमी. पुष्कळ जण पुरवठ्याच्या बाजूचा पाय अगदी जवळ जोडतात आणि ग्राउंडचा पाय मात्र बोर्डाला वळसा घालून नेतात. अर्धं काम नीट आणि अर्धं वाया, असं इथे चालत नाही. वर्तुळ एकच असतं.

बारा व्होल्टचे पस्तीस कसे झाले

आता सुरुवातीच्या कोड्याकडे परत जाऊ. तिथे एक मेख आहे. ए-४९८८ च्या त्या छोट्या बोर्डावर सिरॅमिक कपॅसिटर आधीपासूनच असतात, आणि चिपच्या जवळच असतात. म्हणजे तांब्या जागेवर होता. तरी घात झाला, आणि त्यात या चांगल्या कपॅसिटरचाच हात होता.

प्लग जोडल्याक्षणी बोर्डावरचा सिरॅमिक रिकामा असतो आणि त्याच्याकडे हातभर वायरीतून प्रवाह धावतो. तो १२ व्होल्टपर्यंत भरतो तोवर वायरीतल्या प्रवाहाला वेग आलेला असतो, आणि तो थांबत नाही. पाळण्याला झोका दिला की तो मधल्या जागी न थांबता पलीकडे तितकाच वर जातो, तसं व्होल्टेज बारा ओलांडून चढत राहतं. काहीच घर्षण नसेल तर ते दुपटीपर्यंत, २४ व्होल्टपर्यंत जातं. अर्धा मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोफॅरड धरले, तर हे शिखर प्लग जोडल्यापासून अवघ्या सात मायक्रोसेकंदांत गाठलं जातं.

दुपटीवरही हे थांबत नाही, कारण सिरॅमिकचा एक स्वभाव आहे. दाट क्षमतेच्या सिरॅमिकवर व्होल्टेज चढलं की त्याची क्षमता घटते. कमाल व्होल्टेजच्या जवळ ती निम्म्याहूनही खाली येऊ शकते. म्हणजे व्होल्टेज चढतं तसतसा साठवणारा आकसत जातो, आणि उरलेली ऊर्जा त्याला आणखी वर ढकलते. जोडताना प्लगचा स्पर्श थरथरला, तर झोक्यावर झोका बसतो. असं करत पस्तीसची रेघ ओलांडली जाते.

यावर उपाय म्हणून इलेक्ट्रोलिटिक सांगितला आहे तो दोन कारणांनी. एक तर ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा मोठा साठा इतक्या ऊर्जेने फारसा वर चढत नाही. दुसरं कारण मला जास्त आवडतं. सिरॅमिकचा अंतर्गत रोध नगण्य असतो, म्हणून त्याला चपळ म्हणतात; पण त्याचमुळे सुरू झालेलं आंदोलन शमवायला त्याच्याकडे काही नसतं. साध्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये ओहमच्या काही दशांशांइतका रोध असतो. एरवी हा त्याचा दोष समजतात. इथे नेमका तोच रोध झोक्याला पाय लावून थांबवतो. वरच्या उदाहरणातल्या वायर आणि कपॅसिटरच्या जोडीला शमवायला रोध हवा तो ०.२ ओहमच्या आसपास, आणि तेवढा स्वस्तातल्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये आपोआप मिळतो.

निवड करताना एवढं पाहावं : सिरॅमिक एक्स-सेव्हन-आर जातीचा घ्यावा. उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात त्याची क्षमता १५ टक्क्यांहून जास्त हलत नाही. स्वस्त वाय-फाइव्ह-व्ही जातीची क्षमता तापमानानुसार ८२ टक्क्यांपर्यंत घटू शकते. १२ व्होल्टच्या पुरवठ्याला इलेक्ट्रोलिटिक २५ किंवा ३५ व्होल्टचा, २४ ला ५० चा घ्यावा. आणि पट्टी असलेला पाय नेहमी ऋण बाजूला जोडावा. उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक फुगतो आणि फुटतो.

मेंदूला मोटरपासून सोडवायचं कसं

चिप जळणं निदान लगेच कळतं. जास्त छळतो तो दुसरा आजार. रोबो सरळ छान चालतो, वळला की मध्येच थांबतो, पुन्हा पहिल्यापासून प्रोग्रॅम सुरू करतो. विद्यार्थी रात्रभर प्रोग्रॅम तपासत बसतात. चूक प्रोग्रॅममध्ये नसतेच.

अर्डुइनो उनोवरचा एटीमेगा-३२८पी हा मायक्रोकंट्रोलर १६ मेगाहर्ट्झला नीट चालायला सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. उनोवर व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं की तो स्वतःहून थांबून नव्याने सुरू होतो. या दोहोंच्या मधला पट्टा सर्वांत वाईट : चिप सुरू असते, पण तिने केलेल्या आकडेमोडीचा भरवसा नसतो. मोटरचा हिसका पाच व्होल्टच्या रेषेला या पट्ट्यात खेचतो. शिवाय मोटर आणि मायक्रोकंट्रोलर यांची ग्राउंडची वायर एकच असेल आणि तिचा रोध ०.१ ओहम असेल, तर साडेपाच अँपिअरच्या उलट्या हिसक्याला मायक्रोकंट्रोलरचं ‘शून्य’च अर्ध्या व्होल्टने वर उचललं जातं.

अशा वेळी अनेक जण बॅटरीवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चढवतात आणि फरक पडला नाही म्हणून निराश होतात. हिशेब पाहिला तर कारण कळतं. हा कपॅसिटर मोटरचे साडेपाच अँपिअर एकटा पुरवू लागला, तर ८५ मायक्रोसेकंदांत एक व्होल्ट घसरतो. मोटर उलटायला त्याच्या शेकडोपट वेळ लागतो. पण हाच कपॅसिटर मायक्रोकंट्रोलरच्या रेग्युलेटरच्या तोंडाशी लावला आणि त्याच्या आधी एक डायोड टाकला, तर बॅटरी खाली गेली तरी साठा मोटरकडे परत वाहू शकत नाही. त्याला फक्त मायक्रोकंट्रोलरचे ५० मिलिअँपिअर द्यायचे असतात, आणि एक व्होल्ट घसरायला नऊ मिलिसेकंद लागतात. साठा तेवढाच, तो कुणासाठी राखला हे ठरवल्यावर शंभरपट पुरला. ग्राउंडच्या वायरीही मोटरची वेगळी आणि लॉजिकची वेगळी नेऊन बॅटरीपाशी एकत्र कराव्यात.

कपॅसिटरकडून काय मागू नये

ज्याला एखाद्या साधनाची कदर आहे त्याने त्याच्या मर्यादाही सांगाव्यात. मिलिसेकंदांच्या पुढे चालणारी घसरण कपॅसिटरने भरून निघत नाही. तिथे जाड वायर, दमदार बॅटरी, घट्ट जोड आणि प्रोग्रॅममध्ये मोटरचा वेग टप्प्याटप्प्याने चढवणं-उतरवणं हाच उपाय.

मोटरला ब्रेक लावताना ती जनित्र होऊन ऊर्जा परत पाठवते. बॅटरी ती घेते. पण घरगुती ॲडाप्टर परत आलेली वीज घेऊ शकत नाही, म्हणून सगळा बोजा कपॅसिटरवर येतो. दहा किलोची गाडी सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात ५ जूल ऊर्जा असते. ती सगळी २४ व्होल्टवरच्या १००० मायक्रोफॅरडमध्ये शिरली, तर व्होल्टेज शंभराच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात बरीच ऊर्जा घर्षणात आणि गुंडाळीत जाते, पण धोका कोणत्या पायरीचा आहे ते यावरून कळावं. मोठ्या मोटरला यासाठी वेगळा ब्रेक-रोध लागतो.

ब्रशच्या मोटरमध्ये ठिणग्यांचा गोंगाटही असतो. तो मोटरच्या तोंडाशीच दाबण्यासाठी दोन टोकांमध्ये, आणि शक्य असेल तर प्रत्येक टोकापासून कवचाला, एकेक छोटा सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन जोडतात. तो शंभर नॅनोफॅरडच्या आतच ठेवावा. मोठा लावला तर पीडब्ल्यूएमच्या प्रत्येक ठोक्याला ड्रायव्हरलाच तो भरावा लागतो. आणि छताच्या पंख्यातला अडीच एमएफडीचा ‘कंडेन्सर’ दिसायला याच जातीचा असला, तरी त्याचं काम निराळं. तो दुसऱ्या गुंडाळीतल्या प्रवाहाची वेळ पुढे-मागे करून पंख्याला फिरण्याची दिशा देतो. तो इथे चालत नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप वापरा. मात्र प्रोबची ग्राउंडची लांब चिमट्याची वायर काढून आखूड स्प्रिंग लावा आणि थेट चिपच्या पायांवर टेकवा. नाहीतर त्या चिमट्याच्या वायरीतलीच उसळी तुम्ही मोजाल. आधी कपॅसिटर पाच सेंटिमीटर लांब लावून पाहा, मग पाय कापून चिपला चिकटवून पाहा. पडद्यावरची ती उंच सुई बसलेली एकदा पाहिली की पुढे कुणी सांगावं लागत नाही.

पुढच्या वेळी मोटर ड्रायव्हरचं बोर्ड मांडाल, तेव्हा चिप बसवल्यावर लगेच, बाकी काही जोडायच्या आधी, तिचे दोन कपॅसिटर बसवा. त्यांचे पाय आखूड कापा, ग्राउंडची वाट आखूड ठेवा, पुरवठ्याच्या दोन वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या, आणि प्लग जोडण्यापूर्वी पट्टीची बाजू एकदा तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. ते राहिलं तर बाकीचं सगळं बरोबर असूनही बोर्ड जळू शकतं.